न तपासलेले स्रोत: शून्य

माझ्या भाचीचे दात तपकिरी आहेत. ती अकरावीसाठी आर्णीला जायला लागली तेव्हा पहिल्याच महिन्यात शेजारच्या बाकावरच्या मुलीनं तिला विचारलं, "खर्रा खाते काय वं तू?" भाचीनं तोवर तंबाखू-सुपारीच्या त्या खर्र्याची पुडी हातातसुद्धा धरली नव्हती. त्या दिवसापासून ती हसताना तोंडावर ओढणी घ्यायला लागली. मग वर्गात उत्तर द्यायची बंद झाली. घरी राखेनं, मिठानं, कोळशाच्या भुकटीनं घासघासून तिनं हिरड्या सोलून घेतल्या. दात होते तसेच राहिले.

शेवटी भावानं मला फोन केला. मी यवतमाळला खोली करून राहत होते.

"तुह्या तिकडं दाताचा चांगला डॉक्टर असन तर पाह्य. पोरगी धड जेवत नाही."

मी भाचीला बोलावून घेतलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून तोंड पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हापशीचं," भाची म्हणाली.

"लहानपणापासून?"

"हो."

त्यांनी आरसा खाली ठेवला. म्हणाल्या, ही घाण नाही, घासून जायची नाही. जमिनीतल्या पाण्यात फ्लोराईड जास्त असलं की दात तयार होत असतानाच ते आत बसतं. वरून थर देऊन झाकता येतं, काढता येत नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ती हापशी कधी तपासली आहे का?"

भाचीनंही माझ्याकडे पाहिलं. आमच्या बंजारा तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं की आत्या पाण्याच्या ऑफिसात आहे.

पाण्याच्या ऑफिसात मी होते खरी, पण अधिकारी म्हणून नाही. एका एजन्सीमार्फत कंत्राटावर घेतलेली संगणक ऑपरेटर होते. जिल्ह्यातली प्रत्येक हापशी, विहीर, बोर यांना आमच्याकडे 'स्रोत' म्हणायचे. प्रत्येक स्रोताचं पाणी दरवर्षी बाटलीत भरून प्रयोगशाळेत जायला हवं, असा नियम. संगणकात त्यासाठी दोन टेबलं होती. एकात सगळे स्रोत, दुसऱ्यात झालेल्या तपासण्या. दोन्ही जोडून दर महिन्याला अहवाल निघायचा. त्यातला शेवटचा रकाना होता 'न तपासलेले स्रोत'. मी तिथं लागल्यापासून त्या रकान्यात शून्य होतं. मला ते चांगल्या कामाचं लक्षण वाटायचं.

सोमवारी मी आमच्या तांड्याची हापशी शोधायला बसले. तपासलेल्या स्रोतांत ती नव्हती. न तपासलेल्यांचं पान उघडलं, ते कोरं होतं. म्हणजे आमची हापशी तपासलेली नव्हती आणि न तपासलेलीही नव्हती.

मी याडीला फोन लावला. याडी म्हणजे आई. तिच्याशी मी गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलते. विचारलं, हापशीचं पाणी बाटलीत भरून न्यायला कुणी आलं होतं का?

"कोण येतं?" याडी म्हणाली. "हापशी बिघडली तरी कोणी येत नाही. तुझा भाऊच पाना घेऊन बसतो."

"कधीच नाही आलं?"

"तू शाळेत होतीस तेव्हा एक माणूस आला होता. रंगानं नंबर टाकून गेला. तो नंबरसुद्धा आता पुसला."

नंबर टाकला होता म्हणजे हापशी पहिल्या टेबलात असायला हवी. ती होती. तांड्याचं नाव, मूळ गावाचं नाव, नंबर, सगळं जागच्या जागी. मग अहवालात का येत नव्हती?

आधी वाटलं, नावाचा घोळ असेल. तांड्याचं नाव कुणी एकसारखं लिहीत नाही. कुणी जवळच्या गावाच्या नावानं लिहितं, कुणी पुढं 'तांडा' लावतं, कुणी लावत नाही. पण जोडणी नावावर नव्हती, नंबरावर होती. मग वाटलं, नंबराच्या मागंपुढं एखादी मोकळी जागा टाइप झाली असेल. संगणकाला तेवढंही पुरतं. तसंही नव्हतं. मग मी अहवालाची क्वेरीच उघडली. क्वेरी म्हणजे संगणकाला विचारलेला प्रश्न. तो प्रश्न मी येण्याच्या आधी नागपूरच्या एका एजन्सीच्या माणसानं लिहिला होता आणि आम्ही महिन्याच्या महिन्याला फक्त बटण दाबत होतो.

मला क्वेरी लिहायला शिकवली ती आमच्या सरांनी. बीसीएची पदवी माझ्याकडे होती, पण ज्या कॉलेजात मी ती घेतली तिथले संगणक वर्षभर प्लॅस्टिकच्या झाकणाखाली असायचे. सर कायम नोकरीतले, आमच्या विभागाचा सगळा माहितीचा कारभार त्यांच्याकडे. यवतमाळातलं जुनं घराणं. आजोबा कोर्टात कारकून, वडील कचेरीत, हे इथं. घरात पिढ्यान्‌पिढ्या शाई आणि शिक्के. तरी मी तांड्यावरची आहे म्हणून त्यांनी मला कधी वेगळं वागवलं नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्यांच्या डब्यात माझ्यासाठी एक पोळी जास्त घालायच्या. जेवून झालं की सर मला संगणकासमोर बसवायचे.

लेफ्ट जॉइन त्यांनी मला त्यांच्या मुलीच्या लग्नावरून समजावला होता. "डावीकडं ज्यायले पत्रिका देल्ली ते सगळे. उजवीकडं जे जेवाले आले ते. लेफ्ट जॉइनचा कायदा एकच, डावीकडचा कोणी सुटला नाही पाहिजे. जो आला नाही त्याच्यापुढं जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेले नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नाही. नल म्हणजे माहीतच नाही." आणि हसून म्हणाले होते, "आपल्या ऑफिसात नल म्हटलं की लोकायले तोटीच आठवते."

बुधवारी मी ती क्वेरी खालून एकेक ओळ काढत तपासायला घेतली. सगळ्या अटी काढून नुसता जॉइन चालवला तेव्हा आमची हापशी आली. तिच्यापुढं तपासणीचे रकाने रिकामे होते, जसे असायला हवेत तसे. मग पहिली अट परत घातली: तपासणीचं वर्ष चालू वर्ष असावं. हापशी गेली.

मी अट काढली, आली. घातली, गेली.

हळूहळू लक्षात आलं. ती अट अगदी शेवटी होती, दोन्ही टेबलं जोडून झाल्यावर लागणारी. आमच्या हापशीची तपासणीच नाही, त्यामुळं तिचं वर्ष रिकामं. संगणक विचारतो, ही रिकामी जागा चालू वर्षाएवढी आहे का? उत्तर येतं, माहीत नाही. आणि शेवटच्या अटीत संगणक फक्त ज्याचं उत्तर 'हो' आहे तेवढंच ठेवतो. म्हणजे जे राहून गेले ते दिसावेत म्हणून आधी लेफ्ट जॉइन केला आणि नंतर त्याच राहिलेल्यांना दाराबाहेर काढलं. उरलेल्यांत न तपासलेला कोण सापडणार? शून्य येणारच होतं. जिल्ह्यातल्या निम्म्या हापशा तपासायच्या राहिल्या असत्या तरी शून्यच आलं असतं.

उपाय मला ठाऊक होता. अट शेवटातून उचलायची आणि वर जॉइनमध्ये न्यायची. तिथं तिचा अर्थ बदलतो: जोडताना फक्त चालू वर्षाच्या तपासण्या जोड, आणि ज्याला काही जुळलं नाही त्याला रिकामं का होईना, पण ठेव. मी मूळ क्वेरी घेतली, तिच्यातली वर्षाची अट वर नेली आणि चालवली.

शून्य.

मी परत चालवली. पुन्हा शून्य. आपलं सगळं समजणंच चुकलं की काय असं वाटून मी डबा न उघडता तशीच बसून राहिले. मग दिसलं की मूळ क्वेरीत शेवटी अजून एक अट आहे, जी मी परत घालून पाहिलीच नव्हती: नमुना रद्द झालेला नसावा. बाटली फुटली किंवा नमुना उशिरा पोचला तर त्यापुढं 'रद्द' लिहायची पद्धत होती. माणूस म्हणेल, ज्याचा नमुनाच घेतला नाही तो रद्द कसा असेल? पण संगणक रिकाम्या जागेबद्दल 'नाही' सुद्धा म्हणत नाही. तिथंही त्याचं उत्तर 'माहीत नाही', आणि ओळ बाहेर. मी तीही अट वर नेली.

या वेळी पान भरलं. भरतच गेलं. मी खाली सरकवत होते आणि नावं येत होती. आर्णीकडचे तांडे, दिग्रसकडचे तांडे, झरीकडचे कोलाम आदिवासींचे पाडे, ज्यांना पोड म्हणतात, ज्या वस्तीला पक्का रस्ता नाही ती प्रत्येक वस्ती. नमुने घेणाऱ्याची मोटारसायकल जिथं फसते तिथून पुढचं सगळं त्या पानावर होतं. मध्येच आमची हापशी आली.

मला आनंद झाला होता. ते आठवलं की आज माझाच राग येतो. वाटलं, चूक सापडली, आता दुरुस्त होईल.

मी सरांना बोलावलं. ते चष्मा वर करून माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. मी म्हटलं, "सर, आपला शून्य खोटा आहे. वर्षाची अट खाली होती, म्हणून राहिलेले सगळे गळत होते. मी ती वर नेली."

त्यांनी पान पाहिलं आणि विचारलं, "रद्दवालीही नेली?"

मी त्यांना दुसऱ्या अटीबद्दल अजून काही सांगितलं नव्हतं.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

सर शेजारची खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्या वर्षी ते क्वेरी बरोबरच होती. सगळे राहिलेले दिसत. मंग वरून फोन आला, तुमच्या जिल्ह्याचे इतके न तपासलेले काहून दिसून राह्यले? तेव्हाच्या साहेबानं एजन्सीवाल्याले बसवलं. त्यानं दोन अटी वरच्या खाली केल्या. आकडा शून्य झाला, फोन बंद झाला. आता सांग, मी काय करायले पाहिजे होतं?"

"तुम्ही मला जॉइन शिकवला, सर."

"शिकवला. तू इथं येऊन पोचशीन असं वाटलं नाही."

मी भाचीचं सांगितलं. खर्रा, ओढणी, डॉक्टरीणबाई, सगळं. त्यांचा चेहरा उतरला, ते काही नाटक नव्हतं. "तुमच्या तांड्याचं मले खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही हे पान कधी उघडून पाहिलं का?"

"कायले पाहू?" ते एकदम चिडून म्हणाले. "पाहून काय करणार होतो मी? मले काय हापशा बदलता येते?" मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "जसं हाये तसं राहू दे. तुह्या तांड्याचा नमुना मी गुपचूप मागवून घेतो. बाकीच्याच्या भानगडीत पडू नको. तुही नोकरी कच्ची हाये."

त्यांना माझी काळजी होती. तेच मला सहन झालं नाही. त्यांनी मला दम दिला असता तर बरं झालं असतं.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. साहेब पुण्याकडचे, बदली होऊन नवे आलेले, बोलायला गोड. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. कंत्राटी ऑपरेटरला त्या केबिनमध्ये चहा मिळाल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. मी दोन कागद पुढं ठेवले, जुन्या क्वेरीचा अहवाल आणि नव्या क्वेरीचा. समजावून सांगायला अर्धा तास लागेल असं धरून चालले होते. त्यांना माझं पहिलं वाक्य संपेपर्यंतच समजलं.

"म्हणजे जे राहिले ते मोजलेच जात नव्हते."

"हो, सर."

"तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे." ते खुर्चीत मागं रेलले. "पण अडचण अशी आहे बघा, मागच्या महिन्यापर्यंत शून्य आणि या महिन्यात अचानक एवढे, हे मी वर कसं सांगू? लोक म्हणतील, नवे साहेब आले आणि काम बंद पडलं."

"पण सर, तपासण्या झालेल्याच नाहीत."

"झालेल्या नाहीत, मान्य. आपण टप्प्याटप्प्यानं करून घेऊ." त्यांनी जुना कागद हातात घेऊन पेन उघडलं. "हा अहवाल चुकीचा आहे असं तुम्ही का म्हणता? कारण त्याचं नाव आहे 'स्रोतांचा तपासणी अहवाल'. नावाप्रमाणे सगळे स्रोत यायला हवेत, ते येत नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'चालू वर्षात तपासणी झालेल्या स्रोतांचा अहवाल'. मग शेवटच्या रकान्यावर, त्या 'न तपासलेले' वर, आडवी रेघ मारली.

"आता क्वेरी बरोबर आहे की नाही?"

क्वेरी बरोबर होती. त्या नावाखाली तीच क्वेरी बरोबर होती. मी तीन दिवस घालवून चूक शोधली होती आणि त्यांनी चहा निवायच्या आत ती चूक राहूच दिली नाही.

"तुमचा तांडा कुठला म्हणालात? नाव द्या. उद्याच माणूस पाठवतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, सगळीच नावं या कागदावर आहेत."

"तुमचं द्या," साहेब हसून म्हणाले. "बाकीचं बघू."

मी तांड्याचं नाव दिलं. भाचीचं तोंड डोळ्यासमोर होतं, आणि माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानंही दिलं असतं. दुपारी सरांनी निरोप आणला, नवं शीर्षक टाइप करायचं होतं. मी कीबोर्डला हात लावला नाही, तेव्हा सरांनीच माझ्या शेजारी बसून ते टाइप केलं.

माणूस खरंच पाठवला गेला. त्यानं बाटली भरली, चिठ्ठी लावली, याडीनं दिलेला चहा पिऊन गेला. निकाल आला तेव्हा मी तो संगणकात स्वतः भरला. फ्लोराईड मर्यादेच्या कितीतरी वर. मग तोच माणूस लाल रंगाचा डबा घेऊन परत आला आणि हापशीला वरपासून खालपर्यंत लाल करून गेला. लाल म्हणजे पिऊ नका.

बायकांनी विचारलं, "मंग काय प्याचं?"

"ते माह्याकडं नाही, ते दुसऱ्या विभागाकडं हाये," तो म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

दुसऱ्या विभागाकडं मी अर्ज दिला, भावानं दिला, तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकानं दिला. टँकर मंजूर झाल्याचं कळलं, तो आमच्याकडे आला नाही. तांड्यातल्या बाया नाल्यापलीकडच्या एका शेतातल्या विहिरीवर जायला लागल्या. पराटीतून, म्हणजे कपाशीतून वाट, पायाखाली काळी माती, पाऊस पडला की डोक्यावर हंडा आणि घोट्यापर्यंत चिखल. त्यांचं बोलणं भावाच्या फोनमधून माझ्यापर्यंत यायचं.

"तुले काय गरज पडली होती?" एक दिवस भाऊच म्हणाला. "हापशी दारात होती आमच्या. आता लोक मले बोलून राह्यले, तुह्या बहिणीनं पाणी बंद केलं म्हणून."

"दादा, ते पाणी विषारी आहे. तुझ्याच मुलीचे दात बघ."

"दात तर गेलेच ना? लाल रंग लावून ते पांढरे झाले काय?"

मला राग आला, पण त्याचं खोटंही नव्हतं.

दिवाळीला गेले तेव्हा पाहिलं, हापशीच्या दांड्यावरचा लाल रंग हात लागून लागून उडाला होता. लोकांनी पुन्हा तेच पाणी भरायला सुरुवात केली होती. सगळ्यात आधी याडीनं. तिचे गुडघे कित्येक वर्षांपासून आखडलेले आहेत, खाली बसली की उठताना भिंत धरावी लागते. आम्ही ते वयाचं समजत होतो. डॉक्टरीणबाईंना मी नंतर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की याच पाण्यानं सांधेही धरतात. म्हणजे चांगल्या विहिरीपर्यंत चालत जाता येत नाही म्हणून याडी तेच पाणी पिते, ज्यानं तिचं चालणं गेलं. मी तिला पाण्याचे कॅन आणून दिले. कॅन संपले की ती मला सांगत नाही, हापशीवर जाते.

भाचीच्या समोरच्या दातांवर डॉक्टरीणबाईंनी पांढरा थर बसवून दिला. काही महिन्यांत एका दातावरचा निघाला. ओढणी तिनं सोडलीच नव्हती. बारावी झाली आणि ती घरी बसली. शिक म्हटलं की म्हणते, "पाह्यतो नं आत्या," आणि पाहत नाही.

त्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या कामाचा गौरव झाला. मोठं सभागृह, खुर्च्यांना पांढरे कापडी झगे, दारात गुलाबपाणी. मी एका कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते, साहेबांनी मान हलवली की पडद्यावरचं पुढचं चित्र आणायचं. साहेबांनी माइकवरून वाचलं: चालू वर्षात तपासणी झालेल्या स्रोतांचा अहवाल, शंभर टक्के स्रोतांची तपासणी पूर्ण. म्हणजे जे स्रोत तपासले ते सगळे तपासले. एवढ्या मोठ्या सभागृहात कुणालाही हसू आलं नाही. टाळ्या झाल्या. सरांना बोलावून शाल आणि नारळ दिला. शाल खांद्यावर पडताना त्यांनी माझ्या कोपऱ्याकडं पाहिलं, मग लगेच पायांकडं पाहिलं. साहेबांनी मान हलवली. मी पुढचं चित्र आणलं.

मला कुणी नोकरीवरून काढलं नाही. हे मी लोकांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. उलट कंत्राट पुढं वाढवून दिलं होतं. मीच सोडलं. झरीकडच्या पोडांची नावं पाठ झाली होती आणि दर महिन्याला बटण दाबताना ती डोळ्यांपुढं यायची. मी एक-दोनदा साहेबांना टप्प्यांचं विचारलं, तर ते म्हणाले, निधीची वाट बघतोय. नंतर त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना अहवालात काही राहिलेलं दिसलंच नाही, तर ते विचारणार काय?

शेवटच्या दिवशी सर गेटपर्यंत आले. "काहून सोडून राह्यली? कुठं मिळणार आता नोकरी?"

मी रिक्षाला हात केला.

"मी रिटायर झालो की बोलीन," ते म्हणाले. "सगळं सांगीन, पाह्य."

"तेव्हा तुम्हाला कोण विचारणार आहे, सर?"

त्यांना लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. तरी रिक्षात बसल्यावर काकूंच्या डब्यातली जास्तीची पोळी आठवली. इतक्या जवळचा माणूस इतका मोडलेला निघतो, याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी वणीला असते. कोळसा वाहणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात संगणक सांभाळते. खिडकीच्या गजांवर रोज काळी धूळ बसते, रोज पुसते. काम तेच आहे, फक्त हापशांच्या जागी ट्रक. डावीकडं मालकाचे सगळे ट्रक, उजवीकडं त्या दिवशीच्या फेऱ्या. माझ्या आधीच्या ऑपरेटरनं करून ठेवलेला अहवाल मी पहिल्या आठवड्यात छापून मालकासमोर ठेवला. मालक फारसा शिकलेला नाही, तोंडात कायम सुपारी. त्यानं कागदावरून बोट फिरवलं आणि भडकला.

"माह्या उभ्या गाड्या कुठं हायेत याच्यात? ज्या धावल्या त्या मले रस्त्यावर दिसते. ज्या उभ्या हायेत त्या दाखव मले."

मी क्वेरी उघडली. तारखेची अट खाली होती. मग ती वर नेली, बटण दाबलं आणि नवा कागद त्याच्या हातात दिला. त्यानं तिथल्या तिथं एकेका ड्रायव्हरला फोन लावला. एकाचं टायर फुटलं होतं, एक आजारी होता, एक सासुरवाडीला जाऊन बसला होता. संध्याकाळपर्यंत प्रत्येक उभ्या गाडीचं काय झालं ते त्याला माहीत होतं आणि सकाळी बहुतेक गाड्या खाणीच्या रस्त्याला लागल्या होत्या.

"चांगलं काम करते पोरगी," तो मुनीमजींना म्हणाला.

ती शाबासकी ऐकून मला रडायला आलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. समोरून ट्रक जात होते, मागच्या फाळक्यातून कोळशाचे खडे सांडत होते. मालकावर चिडण्यासारखं काही नव्हतं. गाड्या त्याच्या होत्या. एक जरी कमी दिसली तरी त्याला चालणार नव्हतं.